आखाजीच्या तोंडावर भिंतीतल्या माश्या

चोपडा तालुक्यातले आमचे गावचे घर जुन्या पद्धतीचे आहे. भिंती मातीच्या आणि दीड-दोन हात जाड, वर धाबे, म्हणजे लाकडांवर रचलेले मातीचे सपाट छप्पर, आणि मागच्या बोळाकडे तोंड करून असलेल्या भिंतीत देवघराची देवळी. नोकरीमुळे आम्ही जळगावला राहतो, त्यामुळे दिवाळीनंतर घराला लागलेले कुलूप आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ-दहा दिवस आधी उघडते. आखाजीला बहिणी, भाच्या माहेरपणाला येतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधला जातो आणि घर माणसांनी भरून जाते. त्या वर्षी कुलूप उघडले, तेव्हा घरात आमच्याआधी दुसरेच कुणी राहायला आले होते, पण ते समजायला आम्हांला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत जी चूक झाली ती सर्वस्वी माझी होती.

पहिले चिन्ह दिसले ते कूलरवर. दुपारी बाराच्या सुमारास कूलरच्या ओल्या गवतावर पंधरा-वीस मधमाश्या ओळीने बसून पाणी शोषताना दिसल्या. हे दृश्य खानदेशात नवे नाही, कारण उन्हाळ्यात ठिबकच्या गळक्या नळीवर, रांजणाच्या बुडाशी, गुरांच्या हौदावर माश्या हमखास दिसतात. पोळ्यातल्या अळ्यांना साधारण ३५ अंशांच्या आसपास तापमान लागते आणि बाहेर पारा ४४-४५ वर गेलेला असतो, म्हणून कामकरी माश्या पाणी वाहून नेतात, ते पोळ्यात थेंबाथेंबाने पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. थोडक्यात, आपण घरात जे करतो तेच त्या आपल्या घरात करतात. कूलरवरच्या माश्या पाण्यापुरत्या आलेल्या असतात आणि सहसा कुणाला डंख करीत नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात सावलीला परातीत पाणी आणि त्यात टेकायला चार खडे ठेवले, तर दोन-तीन दिवसांत त्यांतल्या बऱ्याच तिकडे वळतात. मी तेवढे केले आणि विषय संपला असे समजलो. पाणी भरून त्या कोणत्या दिशेला जातात, हे पाहायचे मात्र मला सुचले नाही. पाणी प्यायलेली माशी जड होते आणि सरळ घराकडे निघते. पाच मिनिटे उभे राहिलो असतो तर आमच्याच धाब्यावरून ती मागच्या बोळात उतरताना दिसली असती.

दुसरे चिन्ह आईला सापडले. संध्याकाळी दिवा लावताना ती म्हणाली की देवळीतून कुणी हलक्या आवाजात काही पुटपुटल्यासारखे येते. मी स्टीलचा पेला भिंतीला टेकवून त्याच्या बुडाला कान लावला. दूर शेतात पाण्याची मोटार चालू असावी तसा एकसुरी, न थांबणारा आवाज येत होता, आणि भिंतीवर बोट वाजवताच तो क्षणभर चढून पुन्हा खाली बसत होता. तळहात ठेवला तर तेवढाच भाग आजूबाजूच्या भिंतीपेक्षा किंचित उबदार लागला. सकाळी बोळात जाऊन पाहिले. छपराच्या वळचणीखाली, पूर्वी कधीतरी लाकडी खुंटी होती तिथे अंगठा जाईल एवढे भोक होते. त्याच्या कडा तेलकट, तपकिरी आणि गुळगुळीत झाल्या होत्या, आणि विटीदांडू खेळणाऱ्या पोरांसारखी माश्यांची त्यातून ये-जा चालली होती. आत जाणाऱ्या कित्येकींच्या मागच्या पायांवर पिवळट परागाचे गोळे होते.

या परागाच्या गोळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण घरात माश्या दिसल्या की पहिला प्रश्न तोच असतो: या वाटेत थांबल्या आहेत की बिऱ्हाड करून राहिल्या आहेत? फांदीला, गॅलरीच्या ग्रिलला किंवा उभ्या स्कूटरच्या आरशाला माश्यांचा घोस लोंबकळत असेल आणि आत पोळे दिसत नसेल, तर तो बहुधा वाटेत विसावलेला थवा असतो. त्यांच्याजवळ राखायला ना अळ्या असतात ना मध, त्यामुळे त्या बहुधा शांत असतात, आणि त्यांच्यातल्या टेहळ्या माश्यांना जागा सापडली की काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत, उठून जातात. आमच्या शेजारच्या जिभाऊंचे अशा वेळचे एकच सांगणे असते, “त्यास्ले डिवचू नका, त्या आपोआप जातीन,” आणि थव्याच्या बाबतीत ते पूर्णपणे खरे आहे. परंतु एकाच भोकातून दिवसभर ये-जा चालू असेल आणि आत जाणाऱ्यांच्या पायांवर पराग असेल, तर आत अळ्या वाढत आहेत, कारण पराग हे अळ्यांचे अन्न. जागा पाहायला आलेली टेहळी माशी भोकात जाते, बाहेर येते, भिंतीवर इकडेतिकडे चालते, पण पराग घेऊन येत नाही. पराग दिसला की त्या आपोआप जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

कोणत्या जातीची माशी आहे, हेही इथेच ठरवावे. भिंतीत, बंद खोक्यात, वीजमीटरच्या पेटीत, पोकळ झाडात एकामागे एक अशी समांतर पोळी लावणारी ती सातेरी. झुडपात, मेंदीच्या कुंपणात किंवा खिडकीच्या जाळीला तळहाताएवढे एकच पोळे लावणारी लहानखुरी ती फुलोरी. तिच्यापासून दूर राहिले की ती आपल्या वाटेला जात नाही. उंच झाडावर, पाण्याच्या टाकीखाली किंवा इमारतीच्या छज्जाला मीटरभर रुंदीचे एकच उघडे पोळे लोंबकळत असेल तर ते आग्यामोहोळ, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. या खेरीज घराला माश्या लागल्या म्हणून घाबरवणारे पण मधमाश्या नसलेले पाहुणेही असतात. कमरेशी बारीक, अंगाने चकचकीत, उडताना पाय खाली लोंबकळत ठेवणारी आणि कागदासारखे करडे घरटे बांधणारी ती गांधीलमाशी. खिडकीच्या चौकटीवर मातीचे इवलेसे मडके लावून जाणारी कुंभारीण एकटीच असते. धाब्याच्या जुन्या लाकडाला बोट जाईल असे गोल, नीट भोक आणि खाली लाकडाचा भुगा पडलेला असेल तर तो काळा भुंगा. त्याचा आवाज मोठा असतो, पण वसाहत नसते.

आता माझी चूक. बहिणी यायला सहा दिवस उरले होते. दुपारी, म्हणजे निम्म्याहून अधिक माश्या शेतात गेल्या असताना, मी ओले सिमेंट थापीवर घेतले आणि बोळातले भोक बुजवून टाकले. माझा हिशेब असा होता की आतल्या आत मरतील आणि बाहेरच्या निघून जातील. दोन्ही खोटे ठरले. बाहेरच्या संध्याकाळपर्यंत परतून सिमेंटवर मुठीएवढा, मग फुगलेल्या भाकरीएवढा घोस करून बसल्या, आणि आतल्यांनी प्रकाशाची दुसरी वाट शोधली. जुन्या भिंतीतून विजेच्या तारांची नळी देवघरातल्या बटणाच्या बोर्डापर्यंत आलेली होती. रात्री आठ वाजता दिवा लावला तशी बोर्डाच्या फटीतून एक माशी बाहेर आली, मग दुसरी, आणि पंधरा मिनिटांत दिव्याभोवती पन्नास-साठ झाल्या. मी टॉवेल फिरवला, जो फिरवायला नको होता, आणि डाव्या भुवईवर व मनगटावर दोन डंख घेतले.

डंख झाल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचे हे माहीत असावे. मधमाशीच्या काट्याला उलट दाते असतात, त्यामुळे काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत राहतो, माशी मरते, पण पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. म्हणून नखाने किंवा जे हाताशी असेल त्याने काटा तत्काळ खरवडून काढावा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचे. आमच्याकडे किल्ली घासण्याची, चुना लावण्याची पद्धत आहे. ते करू नये असे मी म्हणत नाही, पण किल्ली शोधण्यात जी दोन मिनिटे जातात तेवढ्यात बरेचसे विष आत गेलेले असते. मग जागा साबणाने धुवावी आणि बर्फ लावावा. ज्या जागी डंख झाला तिथे सूज येणे, दुसऱ्या दिवशी डोळा मिटणे, हे स्वाभाविक आहे. परंतु अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजू लागली, श्वास अडकू लागला, चक्कर आली किंवा उलट्या झाल्या, तर तो एका डंखाचा असला तरी जिवावरचा प्रसंग असतो, आणि अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून दवाखान्याची वाट धरावी. शरीरावर अनेक डंख झाले असतील तर लक्षणे नसतानाही डॉक्टरांना दाखवावे, कारण इतके विष मूत्रपिंडांवर परिणाम करू शकते.

एका डंखापाठोपाठ दुसरा डंख नेमका त्याच जागी का होतो, याचे कारण मला नंतर कळले आणि केळीच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ते विसरता येण्यासारखे नाही. काटा रुतताना माशी धोक्याचा एक गंध सोडते, आणि त्या गंधातला मुख्य घटक, आयसोअमाइल अॅसिटेट, पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतो. तो वास लागला की इतर माश्या त्याच जागेकडे धाव घेतात. आखाजीसाठी आम्ही देवघराच्या बाजूच्या खोलीत केळ्यांचा घड पिकत टांगला होता. त्या घडामुळे माश्या चवताळल्या असे मी म्हणणार नाही, कारण माझा टॉवेल त्याला पुरेसा होता; पण दुसऱ्या दिवशी आलेल्या मधपाळाने घरात पाऊल टाकताच सर्वांत आधी तो घड बाहेर ओट्यावर नेऊन ठेवायला सांगितला.

त्या रात्री शेवटी शहाणपण सुचले ते असे: घरातले सगळे दिवे बंद केले, दाराबाहेर अंगणात एक बल्ब लावला आणि देवघराचे दार उघडे ठेवून आम्ही दुसऱ्या खोलीत गेलो. अर्ध्या तासात जवळजवळ सगळ्या माश्या बाहेरच्या उजेडाकडे गेल्या. बोर्डाची मुख्य वीज बंद करून फटीवर चिकटपट्टी लावली. दिवसा असे झाले तर खोलीत एकच खिडकी उघडी ठेवून बाकीचे पडदे ओढावेत. माश्या उजेडाकडे जातात, माणसाकडे नाही.

सकाळी सल्ल्यांचा पाऊस पडला. गल्लीतल्या एकाने रॉकेलचा टेंभा सुचवला, आणि त्याला उत्तर देण्याची गरज नव्हती, कारण वर धाबे होते, त्याखाली वर्षानुवर्षे सुकलेले लाकूड होते. एका फवारणीवाल्याने तर फोनवर भावही सांगितला. फवारणी करणे सोपे असते, पण भिंतीत मेलेल्या माश्यांना आणि अळ्यांना बाहेर काढणार कोण? राखायला माश्या राहिल्या नाहीत की उन्हाळ्यात पोळ्याचे मेण मऊ पडते, मध भिंतीतून पाझरतो, मुंग्या, उंदीर, मेणकिडा तिथे येतात, आणि विषारी झालेला तो मध आसपासच्या वसाहतींच्या माश्या लुटून नेतात. असा मध माणसाने खाणे तर मुळीच बरे नाही. माझ्या सिमेंटनेही तेच केले असते, फक्त विषाशिवाय.

मधपाळ आला तो सातपुड्याच्या एका पाड्यावरून. मधाचा धंदा त्याच्या वडिलांपासूनचा, आणि त्याच्या बोलण्यात राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या प्रशिक्षणाचा उल्लेख वारंवार येत होता. या मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात चौकशी केली की परिसरातल्या मधपाळांची माहिती मिळू शकते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते, नाहीतर सिमेंटची पिशवी उघडलीच नसती.

त्याने सकाळी काही केले नाही. बुजवलेले भोक फक्त छिन्नीने उघडून दिले आणि घोस करून बसलेल्यांना आत जाऊ दिले. काम संध्याकाळी साडेपाचला सुरू झाले, कारण दुपारच्या उन्हात पोळी हाताने उचलली की तुटतात. गोणपाटाच्या चिंध्या आणि वाळलेल्या शेणीचा धूर त्याने धुराड्यातून भोकात सोडला. धुरामुळे माश्यांचा धोक्याचा गंध झाकला जातो आणि घर सोडायची वेळ आली असे वाटून त्या पोटभर मध पिऊन घेतात, मग डंख करायला फारशा धजत नाहीत. नंतर त्याने बोळाच्या बाजूने मातीच्या विटा एकेक करून काढल्या. आत साडेतीन वितींची पोकळी होती, आणि तिच्यात पडद्यांसारखी एकामागे एक सहा पोळी लोंबत होती. वरच्या भागात झाकलेला मध, त्याच्याखाली परागाची पट्टी, आणि मध्यभागी बिस्किटी रंगाची झाकणे लावलेली अळ्यांची घरे. ती बिस्किटी झाकणे त्याने बोटाने दाखवून सांगितली आणि म्हणाला, “भाऊ, ही सगळी आता काही दिवसांत उठणारी पोरं आहेत.”

पुढचे काम मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिले. त्याने अळ्यांची पोळी पातळ सुरीने छपरापासून कापली, एकेक पोळे पेटीच्या लाकडी चौकटीत बसवले आणि केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या पट्ट्यांनी बांधले. माश्या काही दिवसांत मेणाने पोळे चौकटीला जोडतात आणि सोपट स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. मधाची पोळी मऊ होती म्हणून ती बांधता आली नाहीत, त्यांचा मध वेगळ्या पातेल्यात गेला. राणीमाशी चौथ्या पोळ्याच्या मागे सापडली. ती इतरांपेक्षा लांब, पोटाने काळसर, आणि तिच्याभोवती माश्या तोंड तिच्याकडे करून उभ्या. तिला एका छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून पेटीत ठेवले, पेटी भोकाच्या तोंडाशी टांगली, आणि मग जे झाले ते सांगायला मला अजून बरे वाटते: दारातल्या काही माश्या पोट वर करून पंख हलवू लागल्या, त्यांचा गंध पसरला, आणि भिंतीवरच्या, माझ्या सदऱ्यावरच्या, बोळाच्या त्या टोकाच्या माश्या मुंगीच्या रांगेसारख्या चालत पेटीत गेल्या. रात्री साडेआठला पेटीचे दार बंद झाले, आणि ती मोटारसायकलच्या मागे बांधून तीन किलोमीटरच्या पलीकडच्या शेवग्याच्या मळ्यात गेली. त्याहून जवळ ठेवली असती तर शेतात फिरणाऱ्या माश्या सवयीने आमच्याच भोकाकडे परतल्या असत्या.

त्याने सातशे रुपये घेतले आणि मधातला निम्मा वाटा आम्हांला दिला. उरलेले काम आमच्यावर होते: पोकळीतले मेण पत्र्याने खरवडणे, भिंतीला चुना देणे, आणि पोकळी वरवर न लिंपता मातीच्या विटांनी पूर्ण भरणे. जुन्या पोळ्याचा वास वर्षभर राहतो आणि पोकळी तशीच ठेवली तर पुढच्या थव्याला ती आयती वाट दाखवते.

आग्यामोहोळाच्या बाबतीत यातले काहीही लागू होत नाही, हे जळगावला आमच्या इमारतीत कळले. तिथे पहिले चिन्ह माश्यांचे नव्हते, तर गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर आणि गाड्यांच्या काचेवर पडणारे पिवळे ठिपके होते, म्हणजे माश्यांची विष्ठा, आणि दुसरे म्हणजे पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली सकाळी सापडणाऱ्या मोठ्या मेलेल्या माश्या. आग्या माश्या रात्रीच्या उजेडाकडे ओढल्या जातात. या माश्या पेटीत राहत नाहीत, आणि त्यांना काढणे हे हौशी माणसाचे काम नाही. पोळ्यावरचा माश्यांचा पडदा लाटेसारखा थरथरू लागला तर त्यांना धोका जाणवला आहे असे समजून गुपचूप मागे यावे. आम्ही त्या मजल्यावरचे दिवे बंद ठेवले, गच्चीला कुलूप लावले आणि त्यांना राहू दिले. पावसाळा लागताच त्या गेल्या आणि रिकामे पोळे नंतर काढून टाकले. कधी त्या उठल्याच तर हात न हलवता, तोंड झाकून, सरळ बंद खोलीत किंवा गाडीत धावत जावे. विहिरीत किंवा हौदात उडी घेतली तर त्या वर घिरट्या घालत वाट पाहतात.

आखाजी त्या वर्षी नीट पार पडली. झोक्याच्या निंबाला फुले होती, आणि फुलांवर माश्या होत्या, पण बहिणींना मी भिंतीचे काही सांगितले नाही. डोळा सुजल्याचे कारण पायरी चुकल्याचे दिले, आणि आईने ते दुपारीच फोडले. पुढच्या फाल्गुनात घर उघडले तेव्हा बोळात दोन टेहळ्या माश्या लिंपलेल्या जागेभोवती घुटमळताना दिसल्या. एक भिंतीवर उतरली, जिथे भोक होते त्या जागी पाच-सहा वेळा मागेपुढे चालली, कडेला आली, आणि उडून जिभाऊंच्या घराच्या वळचणीखालच्या फुटक्या कौलाकडे गेली. मी लगेच जाऊन त्यांना सांगितले आणि संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तिथे बारीक लोखंडी जाळी ठोकली.